बुलेटचा हप्ता कोण भरतं?

प्रश्न असा आला आहे: "मी पहिली कादंबरी लिहितोय. नायिका नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. बुलेट चालवते, कराटे शिकलेली आहे, छेड काढणाऱ्या टोळक्याला एकटी लोळवते. बापासमोर झुकत नाही, साहेबासमोर झुकत नाही. पण ज्या पाच जणांनी हस्तलिखित वाचलं, त्या सगळ्यांना ती पोकळ वाटली. उलट तिची आई, जिला मी जेमतेम चार प्रसंग दिलेत, ती सगळ्यांच्या लक्षात राहिली. सशक्त स्त्री पात्र म्हणजे नेमकं काय? माझं कुठे चुकतंय?"

सोबत पाठवलेली सात प्रकरणं मी दोनदा वाचली, म्हणून उत्तर लांबेल. तीस वर्षं कथा लिहितेय, आणि त्यातली वीसेक वर्षं इथे नाशिकमध्ये इतरांच्या कथा त्यांच्यासोबत बसून ओळ न्‌ ओळ वाचतेय. जे सांगतेय ते त्या बैठकांमधून आलेलं आहे.

तुमच्या नायिकेच्या वर्णनातले नकार मोजा. झुकत नाही, घाबरत नाही, रडत नाही, कुणाचं ऐकत नाही. सात प्रकरणं संपली तरी तिला हवंय काय, हे मला सांगता येत नाही. तिला चहा बिनसाखरेचा लागतो हे कळलं, पगार किती हे कळलं नाही. टोळक्याशी मारामारी सुरू झाली तेव्हा ती जिंकणार हे पहिल्याच ओळीत ठाऊक होतं, कारण हरली तर तिचं काय जाईल हे तुम्ही कुठेच ठेवलेलं नाही. जिचं काही जाणार नाही तिचं धाडस वाचकाच्या पोटात कालवाकालव करत नाही.

आपल्या त्र्यंबकेश्वरच्या दादासाहेब फाळक्यांना १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र' चित्रपटात तारामतीच्या भूमिकेसाठी बाई मिळेना. शेवटी खाणावळीत काम करणाऱ्या अण्णा साळुंके नावाच्या तरुणाला त्यांनी साडी नेसवली. त्यांचा नाइलाज होता, आणि पुढच्याच चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. तुमची नायिका वाचताना मला साळुंके आठवले. तुम्ही एक नायक लिहिलाय, नेहमीचा, दणकट, एकटा, आणि त्याला मुलीचं नाव दिलंय. तुमच्यापुढे तर बायका आहेत. दुपारी तीनला फर्स्ट शिफ्ट सुटते तेव्हा अंबडच्या रस्त्यावर शेकड्यांनी दिसतात.

मारामारी करणारी नायिका नकोच, असं मात्र समजू नका. बाईने हात उचलावा, जरूर उचलावा. तो उचलण्याआधी तिच्या डोक्यात काय चाललं होतं आणि उचलल्यावर तिला घरी, कामावर, गल्लीत काय भोगावं लागलं, एवढं मला वाचायचंय.

माझ्यापुरता मी त्याला एक शब्द ठरवलाय: हिशेब. आपल्याकडे बाई "बघते मी काय करायचं ते" म्हणते, तेव्हा तिच्या डोक्यात जे सुरू होतं ते. कुणाला किती सांगायचं, काय झाकून ठेवायचं, कुणाला दुखवणं परवडेल, आज गप्प बसलं तर उद्या काय हाताला लागेल, आणि हे सगळं करून आपल्याला नक्की काय मिळवायचंय. हा हिशेब तिचा स्वतःचा असला आणि त्यामुळे गोष्ट वळली, की मी त्या पात्राला सशक्त म्हणते. हिशेब चुकला तरी चालतं. कितीदा तरी चुकलेलाच जास्त वाचनीय असतो.

एक उदाहरण जरा जवळून दाखवते. काही वर्षांपूर्वी आमच्या रविवारच्या बैठकीत दिंडोरी तालुक्यातली एक मुलगी यायची. तिने द्राक्षबागेत थिनिंग, म्हणजे घडातल्या मण्यांची विरळणी, करणाऱ्या बायकांवर कथा लिहिली होती. मुख्य पात्र हिराबाई, टोळीची मुकादम. पेठकडच्या पाड्यांवरून पहाटे पिकअप भरून बायका आणायच्या, बागेत नेऊन सोडायच्या, संध्याकाळी परत. पहिल्या खर्ड्यात बागवाला "घड खरचटले" म्हणून दोन दिवसांची मजुरी कापतो. हिराबाई त्याची कॉलर धरते, पानभर बोलते, बायका टाळ्या वाजवतात, तो पैसे मोजतो. कथा संपते.

वाचून झालं. कुणी काही बोललं नाही. मी तिला विचारलं, दुसऱ्या दिवशी पहाटे पिकअप कुठे गेली? तिला उत्तर देता येईना. मग विचारलं, अशी मुकादम तू पाहिली आहेस का? म्हणाली, "माझी मावशीच मुकादम आहे." मावशीने कॉलर धरली असती? ती हसली. "मावशी काहीच बोलली नसती. तिने कात्र्या गोळा केल्या असत्या."

कथा त्या एका वाक्यात होती. आम्ही तिला तासभर बोलतं केलं. तिने सांगितलं ते असं: मणी ज्वारीएवढे असतात तोवर विरळणी करायची. घडात बोट घालून, पातळ टोकाच्या कात्रीने, मधले मणी काढायचे, म्हणजे राहिलेले फुगायला जागा होते. चार-सहा दिवस हातचे गेले आणि मणी वाढून एकमेकांना भिडले की कात्री आत शिरत नाही. जबरदस्तीने घातली तर शेजारच्या मण्याला लागते. मग तो घड निर्यातीत बसत नाही. बागवाल्याला हे माहीत असतं. मुकादमीणबाईलाही माहीत असतं. आणि बागवाल्याला हे माहीत आहे, हेसुद्धा तिला माहीत असतं.

नव्या खर्ड्यात बागवाला मजुरी कापल्याचं सांगतो. हिराबाई "बरं" म्हणते. वहीत लिहून घेते. मग ओळीओळीने फिरून कात्र्या गोळा करते, पाण्याच्या बादलीत बुडवून पुसते, फडक्यात गुंडाळते. रोज त्या कात्र्या बागेतल्या शेडमध्ये राहतात, आज ती त्या पिकअपमध्ये ठेवते. बागवाला विचारतो, "हे काय?" ती म्हणते, "उद्या आमच्याकडं बारसं आहे, दादा. सगळ्याच जाऊ राहिल्या. परवाचं परवा बघू." दीड एकर बाग अजून शिल्लक असते.

रात्री त्याचा फोन येतो. मजुरी पूर्ण मिळते. पण कथा तिथे थांबत नाही, आणि हे त्या मुलीने स्वतः शोधलं, मी सुचवलं नव्हतं. टोळीत एक पोर आहे, जिला दुसऱ्या दिवशीची मजुरी हवीच होती, कारण घरी दवाखाना चालू आहे. खाडा पडला म्हणून ती हिराबाईवर चिडते, सगळ्यांसमोर बोलते. हिराबाई तिला पदरच्या पैशातून रोज देते आणि त्याबद्दल शब्द काढत नाही. पुढच्या हंगामात त्या बागेत दुसरी टोळी दिसते. पिकअपमधून जाताना हिराबाई त्या बागेकडे बघते आणि कुंपणाजवळच्या ओळीत विरळणी नीट झालेली नाही, हे तिच्या नजरेला पडतं. संपलं.

ही हिराबाई आवाज चढवत नाही. तिची ताकद तिच्या कामाच्या ज्ञानात आहे. बागेचं वेळापत्रक तिला मालकाइतकं कळतं आणि ते ती वापरते. तिने जे केलं त्याचा फायदा बाकीच्यांना झाला, तोटा तिने उचलला, आणि तिच्याच टोळीतलं एक माणूस तिच्यावर नाराज राहिलं. पहिल्या खर्ड्यातली हिराबाई कुठल्याही कथेत उचलून ठेवता आली असती. ही दुसरी त्या बागेतून, त्या आठवड्यातून हलवता येत नाही. तुमच्या नायिकेला हा प्रश्न विचारा: तिला अंबडच्या कारखान्यातून उचलून एखाद्या बँकेत ठेवली तर कादंबरीत काय बदलेल? आत्ता तरी काहीच बदलत नाही. ती सुपरवायझर आहे एवढंच तुम्ही म्हणता. लाइनवर किती जणी आहेत, टार्गेट किती, कुठलं मशीन वारंवार बंद पडतं, कोण हेल्पर तिला "मॅडम" म्हणतो आणि कोण मुद्दाम नाव घेतो, यातलं काहीही नाही. माणसाचं सामर्थ्य त्याच्या कामात असतं, आणि बाईचं काम आपल्या कथांमध्ये बहुतेक वेळा पडद्यामागे पार पडतं. जेवण ताटात येतं, कपडे वाळलेले असतात, ऑफिसातून ती "थकून" येते.

दुसऱ्या टोकाला सोशिक नायिका. तुम्ही तिच्यापासून पळताय, म्हणूनच बुलेटवर बसवलीत, हे मला कळतं. पण सोसणारी बाई दुबळीच असते असं नाही. दुबळं असतं ते तिच्याकडे बाहेरून बघणारं लेखन. हे मी स्वतः केलेलं आहे. माझी पहिली छापून आलेली कथा आईवर होती. त्यातली आई सगळ्यांना वाढते, उरलंसुरलं खाते, पाटल्या विकून मुलांना शिकवते आणि शेवटी शांतपणे डोळे मिटते. पत्रं आली, लोकांना रडू आलं. माझ्या मावशीने अंक वाचून बाजूला ठेवला आणि म्हणाली, "सगळं खरं लिहिलंस. पण माझ्या बहिणीला तू एकदाही भूक लागलेली दाखवली नाहीस."

मग तिने मला आईच्या दोन गोष्टी सांगितल्या. दुपारी तीनला घर झोपलेलं असताना आई पिठाच्या डब्यामागे ठेवलेली सायीची वाटी काढून, त्यात साखर घालून, ओट्याशी उभ्या उभ्या खायची. रोज. आणि दरवर्षी चैत्रात ती वणीला सप्तशृंगीच्या यात्रेला जायची, नवस आहे म्हणून. नवसाला घरात कोण अडवणार? मावशी म्हणाली, "नवस होता कुठे? तिला दोन दिवस कुणाला वाढायचं नव्हतं."

ते ऐकून मी किती दिवस अस्वस्थ होते, ते सांगता येणार नाही. ज्या बाईला मी आयुष्यभर पाहिलं होतं तिचा हिशेब मला ठाऊक नव्हता. तिने देवीला पुढे करून स्वतःसाठी वर्षातले दोन दिवस काढून घेतले होते आणि ते कुणालाही कळू दिलं नव्हतं. माझ्या कथेतली आई पुतळा होती. ही सायीची वाटी हातात घेऊन उभी असलेली बाई माणूस होती. तिचा त्यागही आता मला जास्त मोठा वाटतो, कारण तिला काय हवं होतं हे मला कळलंय. इच्छाच नसलेल्या बाईचा त्याग मोजायचा तरी कशाने?

पुढचा मुद्दा तुम्ही विचारलेला नाही, पण कादंबरी लिहिणाऱ्याला तो लागणारच. नायिका चांगलीच असली पाहिजे का? गंगापूर रोडने जाताना आनंदवल्ली लागते. राघोबादादा पेशव्यांचा वाडा तिथे होता, आणि गावाला नाव त्यांच्या बायकोचं, आनंदीबाईंचं. मराठी माणसाला आनंदीबाई एका अक्षरापुरत्या माहीत आहेत: "ध चा मा". १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, आणि आख्यायिका सांगते की पत्रातलं "धरावे" या बाईने "मारावे" केलं. अडीचशे वर्षं तिचं सगळं आयुष्य त्या एका अक्षरात कोंबलेलं आहे.

आमच्याकडे येणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांनी तिच्यावर कादंबरी लिहायला घेतली होती. सुरुवातीच्या प्रकरणांत काजळभरले डोळे, कुत्सित हसणं, खलबतं. मी त्यांना तारखा मांडायला सांगितल्या. राघोबादादांच्या फौजा १७५८ मध्ये अटकेपर्यंत पोचल्या. दहा वर्षांनी, १७६८ मध्ये, धोडपला, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात चांदवडच्या डोंगररांगेत, पुतण्याने, माधवराव पेशव्यांनी, त्यांचा पराभव केला आणि त्यांना शनिवारवाड्यात आणून कैदेत ठेवलं. आता त्या बाईच्या जागी बसा. नवऱ्याची कीर्ती अटकेपार, आणि संसार पहाऱ्यात. वाड्यातल्या बाकीच्या बायका तुमच्याशी कशा बोलत असतील? सणाला कुणाचं ताट आधी मांडलं जात असेल? चाव्या कुणाच्या कमरेला? तुम्हाला काय हवं असेल? बदला, गादी, की पहाऱ्यावाचून नदीवर जाता येणं? तिने काय केलं याची वकिली करायची गरज नाही. खून हा खूनच. पण तिला तसं करावंसं वाटलं असेल तर ते तिच्या हिशेबात कसं बसलं, हे वाचकाला दिसलं पाहिजे. वाचक तिच्या बाजूने झुकायला नको, पण काही क्षण तिच्या शेजारी बसायला हवा.

आणि गंमत बघा, गंगापूर तिथून काही लांब नाही. गोपिकाबाईंनी, नारायणरावांच्या आईने, आयुष्याचा शेवटचा काळ तिथे काढला. थोरला विश्वासराव १७६१ मध्ये पानिपतावर पडला, त्याच वर्षी नवरा गेला. माधवराव १७७२ मध्ये क्षयाने, नारायणराव पुढच्या वर्षी खुनाने. बारा वर्षांत तीन मुलगे. कच्चा लेखक इथे गोपिकाबाईंना गोदावरीकाठी रडत बसवेल आणि प्रकरण संपवेल. पण या बाईने पुढे नातवाला, सवाई माधवरावाला, कसं वागावं, दिवस कसा घालवावा याचे नियम लिहून पाठवले. बाप मारला गेल्यानंतर जन्मलेला हा पोर, त्याच गादीवर बसवलेला. आजी त्याला दिनचर्या लिहून देते. तिचं दुःख त्या नियमांच्या आत आहे. पोराने लवकर उठावं असं जी लिहिते, तिच्या मनात रात्रीचे पहारे असणारच, असं मला ते वाचताना नेहमी वाटतं. अशा ठिकाणी लेखकाने भावना सांगत बसू नये. बाई लेखणी उचलते ते दाखवावं आणि ती काय लिहिते ते वाचकाला वाचू द्यावं.

एकाच नदीच्या काठी, एकाच घराण्यातल्या या दोघी. कुणीही सोज्ज्वळ नाही. मला एकदा एका अंकाच्या संपादकांनी कथा परत पाठवली होती, "नायिका जरा सोज्ज्वळ करता आली तर बघा" म्हणून. माझी नायिका सासूशी खोटं बोलत होती. मी तरुण होते, छापून यायची घाई होती. मी ते खोटं काढून टाकलं. कथा छापली गेली आणि ती मेलेली होती, कारण त्या खोट्यावरच तिचा सगळा डाव उभा होता. त्यानंतर मी कुणाच्या सांगण्यावरून पात्राचं खोटं काढलेलं नाही. तुम्हीही काढू नका.

बेक्डेल चाचणीबद्दल तुम्ही कुठेतरी वाचलं असेल. अ‍ॅलिसन बेक्डेल या अमेरिकी चित्रकथाकर्तीने १९८५ मध्ये एका चित्रपट्टीत ती मांडली: चित्रपटात किमान दोन बायका आहेत का, त्या एकमेकींशी बोलतात का, आणि पुरुष सोडून दुसऱ्या विषयावर बोलतात का. पात्र चांगलं जमलंय की नाही, हे त्यातून कळत नाही. पण तुमच्या सात प्रकरणांना लावून बघितली. नायिका एकाही बाईशी दोन मिनिटं बोलत नाही. आईशीही नाही. कारखान्यात तिला मैत्रीण नाही, वैरीण नाही, डबा वाटून खाणारी कुणी नाही. बाईचं अर्धं आयुष्य इतर बायकांशी चाललेल्या बोलण्यात जातं आणि तिच्या निम्म्या चाली तिथेच ठरतात. ते दालन तुम्ही उघडलंच नाही.

तिची भाषाही सगळीकडे एकच आहे, आणि ती भाषणाची आहे. "माझ्या स्वाभिमानाशी मी तडजोड करणार नाही" असं कुणी घरात बोलतं का? तुम्ही तिचं आजोळ निफाडकडचं दाखवलंय. मग तिच्या तोंडात कधीतरी "काय करू राहिला?" येऊ द्या. साहेबासमोर ती वाक्यं जपून, जरा पुस्तकी बोलेल, आईशी तुटक, लाइनवरच्या बायकांशी मोकळी, ज्याच्याकडून काम काढून घ्यायचंय त्याच्याशी गोड. एकच बाई दिवसातून चार आवाजांत बोलते आणि कुठला आवाज कधी लावायचा हे तिला कळतं. यालाही ताकद लागते. पुरुष लेखकाला हे जमेल का, असा प्रश्न मला बैठकीत नेहमी विचारतात. जमतं, कान असेल तर. पेठ नाक्याला पहाटे पिकअपची वाट बघत उभ्या असलेल्या बायकांच्या जवळपास चहा घेत उभे राहा, सीबीएसला, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, संध्याकाळच्या एसटीत चढा. प्रश्न विचारू नका, टिपणं काढू नका. नुसतं ऐका. महिनाभर.

दिसण्याच्या वर्णनाबद्दल एवढंच, की तुमच्या पहिल्या पानावर ती आरशात बघते. ते पान फाडा.

आता तुमच्या आईकडे येते. म्हणजे नायिकेच्या आईकडे.

दुसऱ्या प्रकरणात मुलीला बुलेट घ्यायची असते आणि बाप नाही म्हणतो. तुम्ही पाऊण पानात असं दाखवलंय: आई गल्लीतल्या भिशीच्या बायकांकडे जाते. तिचा नंबर फाल्गुनात असतो, ती तो आश्विनात मागून घेते. त्या बदल्यात दिवाळीच्या फराळात दोघींच्या घरच्या चकल्या करून देण्याचं कबूल करते. आलेले तीस हजार डाउन पेमेंटला देते आणि नवऱ्याला सांगते की कंपनीने मुलीला आगाऊ रक्कम दिली. तुम्हाला फक्त बुलेट घरात आणायची होती, म्हणून घाईघाईत हे लिहिलंत. पण वाचणाऱ्या पाचही जणांना ती बाई लक्षात राहिली, यात नवल काहीच नाही. तिला काय हवंय ते दिसतं: मुलीने आपल्यासारखं रिक्षासाठी कुणाची वाट बघू नये. ते मिळवायला तिच्याकडे काय आहे ते दिसतं: भिशी, चकल्या, गल्लीतली पत. ती खोटं बोलते, ते उघडं पडायची टांगती तलवार आहे. आणि अजून पाच महिने तिला भिशी भरायची आहे, घरखर्चातून वाचवून, कुणाला कळू न देता. एवढं सगळं पाऊण पानात आहे. तुम्हाला सशक्त स्त्री पात्र लिहिता येतं. तुम्ही ते चुकून लिहिलंत आणि दुय्यम समजून सोडून दिलंत.

मुलीला यातलं काही माहीत नाही, हेही तुम्ही ठेवलंय. तो तर कादंबरीचा कणा आहे, आणि सात प्रकरणांत एकदाही वापरलेला नाही.

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे. पुढचं प्रकरण लिहिण्याआधी एका कागदावर नायिकेच्या पैशांची मांडणी करा. पगार किती हातात येतो. घरात किती देते. बुलेटचा हप्ता किती, किती शिल्लक आहेत, जामीन कोण राहिलं, आरसी बुक कुणाच्या नावावर आहे. कुठे थोडे बाजूला ठेवते आणि कशासाठी. हा कागद कादंबरीत येणार नाही. पण तो झाला की तिला काय हवंय आणि ती कशाला भिते, हे तुम्हाला आपोआप कळायला लागेल. आमच्या बैठकीत ज्यांनी ज्यांनी हे केलं, त्यांची पात्रं पुढच्या आठवड्यात वेगळी बोलायला लागली.

मग सातवं प्रकरण पुन्हा लिहा. पॉवर प्रेसवर हेल्परची बोटं गेली आहेत. साहेब नायिकेपुढे अपघाताचा अहवाल ठेवतात: हेल्परने स्वतःच मशीनचा संरक्षक गार्ड काढला होता, खाली सुपरवायझरची सही. तुमच्या खर्ड्यात ती कागद फाडते, साहेबांना सुनावते, बुलेटला किक मारून निघून जाते. आता त्याच सकाळी तिला आईच्या भिशीचं कळलेलं असू द्या. शेजारणीच्या तोंडून, ओझरतं, आई चकल्यांचं पीठ मळत असताना. गार्ड गेला महिनाभर नादुरुस्त होता आणि तिने तोंडी सांगितलं होतं, लेखी दिलं नव्हतं, हेही तिला आठवत असू द्या. हेल्परची बायको बाहेर गेटवर बसलेली आहे. हप्ते अकरा राहिलेत. लाइनवरच्या बायका मान खाली घालून काम करतायत आणि सगळ्यांचं लक्ष काचेच्या केबिनकडे आहे.

ती काय करेल ते मी सांगणार नाही. तिने सही केली तरी ती दुबळी ठरत नाही, फाडला तरी आपोआप थोर ठरत नाही. कदाचित ती वेळ मागून घेईल आणि त्या वेळात मेंटेनन्सच्या रजिस्टरचा फोटो काढेल. कदाचित सही करेल आणि पुढची दहा प्रकरणं ती सही तिच्या मागे येईल. तीनला भोंगा होतो, सेकंड शिफ्टचा सुपरवायझर येतो आणि साहेबांना तोवर कागद हवाय. आत्ता दोन चाळीस झालेत. तिथून लिहायला घ्या.